मराठीत न वाचलेला हुकूम

त्या दिवशी मी तहसील कचेरीतून हुकूम घेऊन निघालो. हुकूम उर्दूत होता. तो मला वाडीत जाऊन मराठीत वाचून दाखवायचा होता. वाचायची वेळ चारची होती. मी तो वाचला नाही.

तो हुकूम ठरला तेव्हा खोलीत आम्ही तिघं होतो. तहसीलदार नरहरराव, पेशकार करीमुद्दीन आणि मी. नरहररावांना जाऊन बरीच वर्षं झाली. करीमभाई यंदाच्या श्रावणात गेले. दिवाळी अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे मागितल्या होत्या त्या ‘निजामाच्या कचेरीतल्या गमती’. गमती आहेत, सांगतोही. पण करीमभाई गेल्यापासून हात सावकाश चालतो, आणि तो एकाच दिवसाकडे जातो. संपादकांनी सांभाळून घ्यावं.

माझं काम काय होतं, ते आजच्या वाचकाला आधी सांगायला हवं. उस्मानाबाद जिल्ह्यात तेव्हा रयत मराठी बोलायची, उमरग्याच्या बाजूला कानडीही बोलायची, आणि सरकार उर्दूत चालायचं. अर्ज उर्दूत, जबानी उर्दूत, निकाल उर्दूत. रयत आणि कागद यांच्या मध्ये एक माणूस बसवलेला असे. त्याला मुतर्जिम म्हणत, म्हणजे भाषांतर करणारा. लोक म्हणायचे मुन्शी. शेतकरी मराठीत बोलायचा, मी ते उर्दूत लिहायचो. साहेब उर्दूत हुकूम द्यायचे, मी तो मराठीत ऐकवायचो. महिनेसुद्धा दोन प्रकारचे होते. घरी भादवा असायचा तेव्हा कचेरीत आबान चालू असायचा. सकाळी भादव्यात जेवून मी आबानात कामाला जायचो.

उर्दू मी शाळेत शिकलो. मला ती आवडली. अजून आवडते. घरी मी उर्दू पुस्तकं मागवून वाचायचो. माझं अक्षर असं होतं की जिल्ह्याचे अधिकारी कागद उजेडाकडे धरून विचारायचे, हा कोणाचा हात? हे सांगण्यात थोडी बढाई आहे, पण ती पुढं लागणार आहे म्हणून सांगितली.

या खुर्चीवर बसून मला एक गोष्ट दिसू लागली. माणूस आईच्या भाषेत एक असतो, आणि शिकलेल्या भाषेत थोडा वेगळा.

एका गावचे पाटील होते. उर्दू चांगली बोलत. ते साक्षीला आले की खोटं बोलणार हे आम्हाला आधीच कळायचं, कारण त्या दिवशी ते माझ्याकडे बघायचेसुद्धा नाहीत, थेट साहेबांशी उर्दूत सुरू व्हायचे. खरं बोलायचं असलं की मात्र, “मुन्शी, तुमीच सांगा सायबाला,” म्हणून मराठीत बसायचे. एकदा मी बाहेर गाठून विचारलं, “पाटील, असं का हो?”

ते पानाला चुना लावत म्हणाले, “आमच्या देवीला उर्दू येत न्हाय, मुन्शी.”

दुसरे उमरग्याकडचे एक व्यापारी होते. बसप्पा. घरात कानडी, दुकानात मराठी. धाकट्या भावानं बांधाच्या भांडणात त्यांच्या डोक्यात काठी घातली होती. डोक्याला पट्टी बांधून ते माझ्यापुढं बसले आणि मराठीत फिर्याद सांगू लागले. एक शब्द चुकला नाही, आवाज चढला नाही. “कायदा हाय तो हाय. भाऊ असला म्हणून काय झालं? शिक्षा हुईल तवा गावाला वळण लागंल.” मी लिहून घेतलं, वाचून दाखवलं. अंगठा उठवायला त्यांनी हात पुढं केला. तेवढ्यात शिपायानं त्या भावाला ओसरीवरून नेलं, आणि त्यानं दारातून हाक मारली, “अण्णा!” कानडीत थोरल्या भावाला अण्णा म्हणतात. बसप्पांचा हात शाईच्या वर तसाच राहिला. मग ते भावाशी कानडीत बोलू लागले. मला त्यातलं निम्मं कळलं. बहुतेक शिव्याच होत्या. शिव्या देता देता ते रडले, आणि शेवटी मला म्हणाले, “फाडा तो कागद.”

“अहो पण वळण? गावाला?”

“गावाचं गाव बघून घील. तुमी फाडा.”

अशा गोष्टी मी घरी येऊन बायकोला सांगायचो, आणि आम्ही हसायचो. हे सगळं दुसऱ्यांच्या बाबतीत आहे असं मला वाटत होतं. रोज दोन भाषांच्या मधोमध बसणारा मी, मला कुठलीच भाषा फसवणार नाही याची मला खात्री होती.

आता तो दिवस.

महायुद्धाची वर्षं होती. तालुक्याचं नाव लिहीत नाही, त्या लोकांची नातवंडं अजून तिथं नांदतात. कसब्याच्या, म्हणजे कचेरी होती त्या मोठ्या गावाच्या, वरच्या अंगाला एक जुना तलाव होता. मातीची पाळ, एका टोकाला दगडी सांडवा. तलावाच्या एका बाजूला उताराला कसबा, चारशेवर घरं. दुसऱ्या बाजूला, ओढ्याच्या काठी, अकरा घरांची वाडी. भादव्यात चार दिवस उघडीप न देता पाऊस झाला आणि सांडव्याला पाणी आवरेना. पाचव्या दिवशी सकाळी जमादार ओल्या अंगानं खोलीत आला आणि म्हणाला, कसब्याच्या बाजूनं पाळ झिरपतेय, संध्याकाळ काढील असं वाटत नाही.

उपाय एकच होता. पाळ वाडीकडच्या टोकाला आपणच फोडायची. पाणी ओढ्यानं जाईल. कसबा वाचेल, वाडी जाईल.

नरहरराव मराठी घरातले, लातूरच्या बाजूचे. पण खुर्चीवर बसले की उर्दूच बोलायचे. मीही. आम्ही दोन मराठी माणसं एकमेकांशी उर्दूत बोलत होतो आणि त्यात आम्हाला काही विचित्र वाटत नव्हतं. तिसरे करीमभाई. पेशकार म्हणजे साहेबांसमोर कागद वाचणारा आणि साहेब बोलतील ते हुकूम म्हणून लिहिणारा. ते बोरू घेऊन बसले होते.

अडचण वाडीची होती. तीन वर्षांपूर्वी असाच प्रसंग आला तेव्हा वाडीची माणसं काठ्या घेऊन पाळीवर येऊन बसली होती आणि काम झालं नव्हतं. त्या वेळी पाऊस थांबला म्हणून निभावलं. नरहररावांनी विचारलं, या वेळी काय करायचं?

उत्तर मी दिलं. मला ते शब्द आठवतात. मी म्हणालो, साडेचारला पाळ फोडावी आणि वाडीला चारला कळवावं. अर्ध्या तासात माणसं टेकाडावर चढतील, पण जमून पाळीपर्यंत येऊ शकणार नाहीत. ओढा वाढला तर वाट बंद होईल, म्हणून कळवणाऱ्यानं दुपारीच वाडीत पोचावं आणि चारपर्यंत गप्प बसावं.

नरहररावांनी विचारलं, “चालता न येणारं कोणी?”

“दोन-तीन असतील,” मी म्हणालो. “उचलून नेतील.”

हे सगळं उर्दूत. मी त्यात एक शब्द वापरला, मस्लहत. म्हणजे सगळ्यांच्या भल्याचा शहाणा विचार. तो शब्द वापरताना मला बरं वाटलं. बुद्धिबळात चांगली चाल सापडावी तसं. चारशे आणि अकरा. गणित बरोबर होतं, हे मी आजही म्हणतो.

नरहरराव करीमभाईंकडे वळून म्हणाले, “लिखिए.”

करीमभाईंनी बोरू दौतीत बुडवला, कागदावर धरला आणि परत ठेवला.

“साहब, ये मेरे से नै लिखा जाता.”

“क्यों?”

“आधा घंटा बोलके लिखना मुश्किल है, साहब. मैं लिखता तो मेरे कू वो लोगाँ दिखते.”

नरहरराव चिडले नाहीत, चकित झाले. म्हणाले, “हम को नहीं दिखते क्या?”

करीमभाईंनी दौतीचं झाकण लावलं. मग म्हणाले, “आप दोनों के वास्ते ये दफ्तर की ज़बान है, साहब. मेरे घर में इसी में रोटी माँगते.”

मग नरहररावांनी कागद माझ्याकडे सरकवला. मी लिहिला. सहा ओळींचा हुकूम, खाडाखोड नाही. सही झाली, मोहोर झाली. तो कागद मी तेलकापडात गुंडाळून छातीशी ठेवला.

ओसरीवर मी जोडे घालत असताना करीमभाई बाहेर आले. माझ्याशी एकट्याशी बोलताना ते मराठी बोलायचे, आमच्याकडची, अडखळत.

“मुन्शीजी, आत जे बोललाव, ते एकदा मराठीत बोलून बघा.”

“कशाला?”

“मला नका सांगू. सोताला सांगा.”

“करीमभाई, तुमची आळी खालच्या अंगाला आहे. पाळ तिकडं फुटली तर पहिलं घर तुमचं जाईल. तुमच्या वडिलांना तरी उठता येतं का?”

“म्हाईत आहे,” ते म्हणाले. “म्हणून तर नीट बघायला लागतंय.”

मी निघालो. तीन मैलांची वाट होती, चिखल गुडघ्यापर्यंत. वाटेत मी ते मराठीत बोलून बघितलं नाही. मला त्यांचा रागच आला होता. लिहिणं ज्याचं काम त्यानं बोरू ठेवायचा, आणि वर उपदेश करायचा.

वाडीत पोचलो तेव्हा दुपारचा दीड वाजला असेल. पहिलंच घर कोंडाबाईंचं. त्यांचा एक अर्ज मी पूर्वी लिहून दिला होता, त्यामुळं ओळख होती. मला बघून त्या दारात आल्या.

“अगं बया, मुन्शी! ह्या चिखलात? या, आत या. पार भिजलाव की.” त्यांनी एक कोरडं पोतं माझ्या खांद्यावर टाकलं आणि चुलीपाशी पाट दिला. पुढ्यात उकडलेल्या शेंगा ठेवल्या. “खावा. गरम हायती.”

मी शेंगा सोलू लागलो. मला फक्त गप्प बसायचं होतं. दोन-अडीच तास. सकाळी उर्दूत ते एका वाक्यात मावलं होतं.

आतल्या खोलीत मूल रडलं. कोंडाबाई म्हणाल्या, “नात झाली. तिसरा दिस हाय.” मग माझ्यासमोर टेकल्या. “मुन्शी, पाळ ऱ्हाती का ओ?”

“साहेब आहेत तिथं. बघतायत.”

“बघत्यात ते बघू द्या. तुमी काय म्हणताव?”

मी शेंग सोलत राहिलो.

“न्हाय, मी का इचारते,” त्या म्हणाल्या, “सुनंला उचलून टेकाडावर न्यायचं म्हंजी वलीबाळंतीन पावसात. ताप भरला म्हंजी? माझी थोरली सून तशीच गेली. आन् न्हाय न्यावं तर पानी आलं म्हंजी? सकाळधरनं माझं डोकं चालंना झालंय. बरं झालं तुमी आलाव. तुमी शिकलेले. तुमी म्हणताव तसं करते. ऱ्हाऊ द्यू का हलवू?”

मला उत्तर द्यायचं होतं. गप्प राहणं हेही उत्तरच होतं, कारण मी घाबरलो नाही हे बघून त्या सुनेला हलवणार नव्हत्या. मी मनात सकाळचं वाक्य मराठीत केलं. करायला गेलो. ‘चारशे घरं वाचावीत म्हणून आम्ही ठरवलं की तुम्हाला’ आणि तिथं ते थांबलं. उर्दूत ‘वाडीवाले’ होते. मराठीत ‘तुम्हाला’ आलं. त्या ‘तुम्हाला’च्या पुढं मला जाता येईना. मस्लहत हा शब्द मी मनात शोधला. त्याला मराठी शब्द आहेत, मी भाषांतराचाच माणूस. पण चुलीसमोर बसून, त्यांचं पोतं खांद्यावर घेऊन, तो एकही तोंडातून निघण्यासारखा नव्हता.

“हलवा,” मी म्हणालो. “आत्ताच हलवा. साडेचारला पाळ फोडणार आहेत. इकडच्या बाजूनं.”

कोंडाबाई ओरडल्या नाहीत. त्या उठल्या, दारात गेल्या आणि हाक मारली, “आप्पा! ओ शिवलिंगाप्पा! इकडं या आदी!”

शिवलिंगाप्पा वाडीतले वडीलधारे. गळ्यात लिंगाची चौकट, डोक्याला फडकं. मी त्यांना तेच परत सांगितलं.

“कवा ठरलं हे?”

“सकाळी.”

“आन् आमाला कवा सांगनार व्हते?”

“चारला.”

“तुमी व्हता तिथं, ठरलं तवा?”

खोटं बोलायला अजून वाव होता. मी म्हणालो, “होतो. चारची वेळ मीच सुचवली.”

त्यांनी माझ्या पुढ्यातल्या टरफलांकडे बघितलं.

“आन् मंग शेंगा खात बसलाव व्हय?”

आयुष्यात मला बऱ्याच जणांनी बोल लावले, लेखीसुद्धा. असा कोणी लावला नाही.

मग अगदी माझ्या सकाळच्या गणितासारखंच झालं. हे मुद्दाम लिहितो, नाहीतर वाचकाला वाटेल की खरं बोललं की सगळं आपोआप नीट होतं. शिवलिंगाप्पांनी बायकांना सुनेला, म्हाताऱ्यांना, गुरांना टेकाडावर न्यायला सांगितलं, आणि नऊ-दहा गडी काठ्या-कुऱ्हाडी घेऊन पाळीवर निघाले. मी त्यांच्या मागून. मी म्हणालो होतो अडवतील, ते अडवायलाच चालले होते.

पाळीवर नरहरराव छत्री धरून उभे होते. मजूर कुदळी घेऊन तयार होते. वाडीची माणसं येऊन कुदळींसमोर बसली. नरहररावांनी मला बघितलं आणि समजायचं ते समजले. मग ते जमादाराला उर्दूत मोठमोठ्यानं हुकूम देऊ लागले. कायदा, गुन्हा, शिक्षा. मी सवयीनं भाषांतर करायला पुढं झालो, तर शिवलिंगाप्पांनी हातानं मला बाजूला केलं.

“मुन्शी, तुमी ऱ्हाऊ द्या. सायेब, एक इचारू? तुमी लातूरकडचं. तुमच्या आईसंगं कंच्या बोलीत बोलताव?”

जमादार हसला आणि मग त्यानं तोंड दाबलं. नरहररावांनी छत्री दुसऱ्या हातात घेतली. पाऊस छत्रीवर वाजत होता. मग ते म्हणाले, मराठीत, आणि सरकारी कामात, इतक्या लोकांसमोर, मी त्यांना पहिल्यांदाच मराठीत बोलताना ऐकलं:

“तुम्हाला किती वेळ लागेल, आप्पा?”

आप्पाही बदलले. काठी खाली ठेवली. “घरं जानार हे कळतंय, सायेब. समोर कसबा हाय, त्यात आमचीबी सोयरी-धायरी हायती. पर पेवात वरसाची ज्वारी हाय. ती उपसू द्या. दिस मावळूस्तर.”

पेव म्हणजे जमिनीत खणलेलं धान्याचं कोठार. पाणी शिरलं की दाणा दाणा कुजतो. ते सकाळी कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

“सहा वाजेपर्यंत,” नरहरराव म्हणाले.

“सा. आन् फोडायचं आमच्या हातानं. तुमच्या मानसांनी कुदळ लावलीय तिथं खाली खडक हाय. रातभर खणलं तरी फुटायचं न्हाय.”

ते खरं होतं. आमची जागा चुकीची होती. चारशे आणि अकराच्या गणितात खडक नव्हता, पेव नव्हतं, तिसऱ्या दिवसाची बाळंतीण नव्हती. पण म्हणून मी आमचं गणितच चूक होतं असं म्हणणार नाही. त्यात एक आकडा बरोबर होता. वेळ.

साडेपाचच्या सुमाराला पाळ कसब्याच्या बाजूनं थोडी खचली. फुटली नाही, खचली. पण तेवढ्यानं खालच्या आळीत पाणी शिरलं आणि मातीच्या भिंती बसत गेल्या. सहाला वाडीच्या माणसांनी आपल्या हातानं, आपल्याच घरांच्या दिशेनं, पाळ फोडली. आप्पांनी पहिली कुदळ मारली तेव्हा तोंड फिरवलं नाही. पाणी ओढ्यानं गेलं. कसबा वाचला. वाडीची अकराही घरं गेली, माणूस एकही गेलं नाही. ज्वारी बरीचशी वर आली. कोंडाबाईंच्या नातीचं पुढं लग्न झालं, त्याची अक्षत मला आली होती.

खालच्या आळीतलं एक घर करीमभाईंचं. करीमभाई वडिलांना पाठीवर घेऊन कमरेएवढ्या पाण्यातून बाहेर आले. वडील सत्तरीचे, आधीच अंथरुणाला खिळलेले. त्या भिजण्यानं त्यांना ताप आला. पंधरा दिवसांनी ते गेले.

मी चारपर्यंत गप्प बसलो असतो तर पाळ साडेचारला फुटली असती? तिथं खडक होता, कदाचित नसती फुटली. कदाचित मजुरांनी जागा बदलली असती आणि पाचला फुटली असती. मग खालच्या आळीत पाणी आलं नसतं, आणि वाडीत एक बाळंतीण घरातच असती. हा हिशेब मी अनेकदा केला. मराठीत केला की एक उत्तर येतं, उर्दूत केला की दुसरं.

दुसऱ्या दिवशी वर पाठवायचा अहवाल करीमभाईंनीच लिहिला. वडील तापात होते, तरी ते कचेरीत आले. एका जागी बोरू थांबवून त्यांनी मला विचारलं, “वाडी कू इत्तिला कितने बजे दी, लिखूँ?” इत्तिला म्हणजे खबर. नरहरराव खिडकीबाहेर बघत होते.

“दोनला,” मी म्हणालो.

त्यांनी दोन लिहिलं. हुकूम मोडल्याबद्दल माझ्या नावावर एक ओळीची ताकीद आली. नोकरीत मला दोनदा शाबासकी मिळाली, तिचे शब्द आठवत नाहीत. ताकीद पाठ आहे.

पुढं राजवट गेली. उर्दू कचेरीतून उठली. मी मराठी कारकून झालो, आणि करीमभाईंना पंचेचाळिशीत मराठी कागद लिहायला शिकावं लागलं. एकदा ते माझ्या घरी आले, हातात नोटिशीचा मसुदा. एका विधवेला सरकारी जागेतून उठवायची नोटीस.

“मुन्शीजी, हे वाचा जरा.”

“शुद्ध आहे की.”

“शुद्ध असू द्या. मला लिहिताना काहीच वाटलं नाही. उर्दूत मला कदी असं झालं नव्हतं.” ते खरंच घाबरले होते. “माझ्यासाठी आता ही दफ्तरची भाषा झाली.”

तेव्हापासून आमची एक रीत पडली. कोणाचं नुकसान होईल असा कागद त्यांच्या हातून जायचा असला की तो ते आधी मला घरच्या उर्दूत सांगायचे, मान खाली घालून, जसं आईला सांगावं. माझा असला की मी त्यांना मराठीत सांगायचो. सांगून झाल्यावरही बहुतेक कागद तसेच जायचे, कारण ते जायलाच हवे असायचे. काही बदलायचे. ती विधवा पावसाळाभर राहिली. ज्यांना दोन भाषा येतात त्यांनी ही रीत ठेवावी असं मला वाटतं. कठीण निर्णय परक्या भाषेत घ्यावा, तिथं डोकं थंड राहतं. पण सही करण्याआधी तो एकदा घरच्या भाषेत, ज्याच्यावर तो पडणार त्याच्याकडे बघून, बोलून बघावा. डोकं थंड राहतं ते कशामुळं, हे तिथं कळतं.

एवढ्या वर्षांत मी त्यांना सगळं सांगितलं, एक सोडून. ‘तुमचे वडील माझ्या त्या दोन वाजताच्या बोलण्यामुळं गेले असतील.’ एवढंच वाक्य. त्यांनी कधी विचारलं नाही. त्यांनीच मला मराठीत बोलून बघायला सांगितलं होतं, आणि त्याची किंमत त्यांच्या घराला मोजावी लागली, हे त्यांना माझ्याआधी कळलं असणार. ते वाक्य उर्दूत मला सहज बोलता आलं असतं, म्हणूनच ते उर्दूत बोलायची मला लाज वाटली. मराठीत तोंडातून निघालं नाही. या श्रावणात त्यांच्या मयतीला गेलो, मूठभर माती टाकली, आणि तेव्हाही निघालं नाही.

हुकुमाचा कागद वाचलाच गेला नाही, म्हणून तो दप्तरात परत गेला नाही. परवा पेटीतून काढला. तेलकापडामुळं अक्षर जसंच्या तसं आहे. मुतर्जिमाचं राहिलेलं काम म्हणून त्याचं मराठी इथं करतो. शेवटचं वाक्य मूळ कागदावर नाही, ते माझं आहे.

‘कसब्यातली घरं वाचावीत म्हणून आज साडेचार वाजता तलावाची पाळ तुमच्या बाजूनं फोडली जाईल. तुम्ही घरं सोडून टेकाडावर जावं. तुम्ही अडवाल म्हणून तुम्हाला अर्धा तास आधी सांगत आहोत. हे मी सुचवलं.’

कोंडाबाई नाहीत, शिवलिंगाप्पा नाहीत, नरहरराव नाहीत, करीमभाई नाहीत. तलाव आहे. कागद माझ्याकडे आहे.